शरदात आधी सेकंद मोजा, मग मीटर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "या उन्हाळ्यात सर्फिंग शिकलो. फेसातून पुढे सरकून आता न फुटलेली लाट पकडता येते. ऑगस्टमध्ये लाटांचा अंदाज देणाऱ्या ॲपवर १.२ मीटर दिसायचं तेव्हा लाट छातीपर्यंत यायची. परवा तेच १.२ मीटर बघून उतरलो, तर लाटा डोक्याच्या वर, आणि दोनदा असा आपटलो की वर-खाली कळेना. ॲप चुकलं की मी? जुने लोक म्हणतात शरद हाच खरा मोसम. येत्या शनिवारी १.८ मीटर, १६ सेकंद दाखवतंय, रविवारी १.३ मीटर, १२ सेकंद, सोमवारी ०.९ मीटर, १० सेकंद. कधी जाऊ?"

ॲप चुकलेलं नाही. तुम्ही अर्धाच आकडा वाचलात. उंचीच्या शेजारी सेकंद लिहिलेले असतात. ते ऑगस्टमध्ये सहा-सात असणार आणि परवा तेरा-चौदा. शनिवारचे सेकंद तुम्ही प्रश्नात लिहिलेत, म्हणजे ते दिसतायत. फक्त त्यांचं काय करायचं ते कुणी सांगितलेलं नाही. मी अठरा वर्षं शिकवते आहे. शरदात नवशिक्यांच्या ज्या फजित्या पाहिल्या, त्यांतल्या बहुतेक सगळ्या मीटर वाचून आणि सेकंद न वाचता पाण्यात उतरल्यामुळे झाल्या. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

हे सेकंद म्हणजे एका लाटेचा माथा गेल्यापासून पुढच्या लाटेचा माथा येईपर्यंतचा वेळ. सर्फर त्याला पीरियड म्हणतात, मीही तेच म्हणेन. खोल समुद्रात पीरियडचा वर्ग करून १.५६ ने गुणलं की लाटेची लांबी मीटरमध्ये मिळते. सात सेकंदांची लाट ७६ मीटर लांब, चौदा सेकंदांची ३०६ मीटर. सेकंद दुप्पट झाले की लांबी चौपट. आणि लाटेला तळ कधी जाणवतो? पाण्याची खोली तिच्या लांबीच्या निम्म्यावर आली की. म्हणजे सात सेकंदांच्या लाटेला ३८ मीटर खोलीवर तळाची चाहूल लागते, चौदावालीला १५० मीटर खोलीवरच. ती खूप लांबूनच तळाशी झगडत येते, तिचा वेग कमी होतो, मागचं पाणी पुढच्यावर चढतं आणि ती उभी राहते. उघड्या समुद्रात दोघीही १.२ मीटरच्याच. पण साध्या किनाऱ्यावर फुटताना पहिली साधारण दीड मीटर भरते, दुसरी दोन मीटर. शिवाय किनाऱ्याच्या दर मीटर लांबीमागे ती आणत असलेली शक्तीही दुप्पट. तुमची छाती आणि तुमचं डोकं, हा फरक नेमका इथून आला.

आपटण्याचंही असंच. सात सेकंदांची लाट अंगावरून जाते तेव्हा रस्त्यावरचा गतिरोधक पार केल्यासारखं वाटतं, धक्का बसतो आणि संपतो. चौदा सेकंदांची लाट बोर्डाखाली आली की आधी उचलते, मग अजून उचलते, आणि तुम्हाला वाटतं आता माथा आला, तेव्हाही ती उचलतच असते. तिच्या पाठीमागे पाण्याचा आख्खा डोंगर आहे. ती आपटते तेव्हा त्या डोंगराचं पाणी तुमच्या अंगावरून जायला वेळ लागतो. त्या वेळात हातपाय मारून श्वास संपवायचा नाही. डोकं दोन्ही हातांत धरून अंग गोळा करायचं आणि सोडून द्यायचं, ती सोडेपर्यंत. ओरडून सांगितलं तरी पहिल्या वेळी कुणी करत नाही, हेही मला ठाऊक आहे.

आता त्या १.२ मीटरबद्दल. तो आकडा सगळ्या लाटांची सरासरी नाही आणि सगळ्यांत मोठी लाटही नाही. सर्व लाटा उंचीप्रमाणे लावल्या तर वरच्या एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. साहजिकच तिच्याहून मोठ्या लाटा येणारच. दहांतली सर्वांत मोठी एक घेतली तर अशा लाटांची सरासरी या आकड्याच्या सव्वापट असते. तीन-चार तास पाण्यात राहिलात तर हजारेक लाटा येऊन जातात, आणि त्यांत एखादी जवळजवळ दुप्पट निघते. हा निसर्गाचा लहरीपणा नव्हे, साधा हिशोब आहे. त्यामुळे शनिवारचे १.८ मीटर बघून "मी दीड मीटरपर्यंत झेपवतो, थोडंच जास्त आहे" असं मनात आलं असेल, तर तो विचार इथेच सोडा.

लांब पीरियडची आणखी एक खोड म्हणजे मध्ये पडणारी शांतता. जवळजवळ सारख्या पीरियडच्या लाटा एकमेकींत मिसळून चालतात. कुठे एकीवर एक चढून मोठ्या होतात, कुठे एकमेकींना खाऊन टाकतात. त्यामुळे चार-सहा मोठ्या लाटांचा सेट येतो आणि मग दहा-पंधरा मिनिटं तळं झाल्यासारखं पाणी. माझ्या तिसऱ्या की चौथ्या शरदातली गोष्ट. पहाटे किनाऱ्यावर गेले, पाच मिनिटं पाहिलं, गुडघाभर लाटा. मनात म्हटलं, आजही काही नाही, निदान हात तरी मोकळे होतील. सावकाश पॅडल मारत अर्ध्यात पोहोचले आणि क्षितिज काळं झालं. काळं म्हणजे खरंच काळी रेघ, सरळ, आणि ती जाड होत होती. मी आत जायला जोर केला, पहिली कशीबशी माथ्यावरून पार केली, दुसरी समोरच फुटली. पायाला एक जोराचा हिसका बसला आणि मग काहीच नाही. ते "काहीच नाही" सगळ्यांत भयंकर होतं, कारण लीश, म्हणजे पाय बोर्डाला बांधणारी दोरी, तुटली होती. बोर्ड किनाऱ्यावर, मी मध्ये, आणि मागे अजून तीन लाटा. पोहत बाहेर आले, काही झालं नाही. पण लीश पाहिली तर घोट्याजवळच्या वळणावर आधीपासून चीर होती. उन्हाळाभर ती चीर माझ्या डोळ्यांसमोर होती. सात सेकंदांच्या लाटांनी तिची कधी परीक्षाच घेतली नव्हती. तेव्हापासून माझा नियम: पीरियड १२ च्या वर असेल तर उतरण्याआधी निदान वीस मिनिटं, आणि त्यांत दोन पूर्ण सेट, किनाऱ्यावरून बघायचे. घड्याळ लावून. आणि शरद लागताना लीश नवी, वेल्क्रो स्वच्छ, दोरीची गाठ तपासलेली.

आता हे सगळं शरदातच का होतं, ते समजून घ्या, म्हणजे ॲप उघडायच्या आधीच अंदाज यायला लागेल. (मी उत्तर गोलार्धाबद्दल, सप्टेंबर ते नोव्हेंबरबद्दल बोलते आहे. दक्षिणेत हेच मार्च ते मे मध्ये घडतं; ऑस्ट्रेलियातल्या बेल्स बीचची स्पर्धा ईस्टरच्या सुमारास भरते ती याच कारणाने सोयीची पडते.) उन्हाळा सरला की ध्रुवाकडचा भाग झपाट्याने गार होतो, विषुववृत्ताकडचा तसाच उबदार राहतो. दोघांच्या तापमानातली दरी वाढली की वरच्या हवेतला जेट प्रवाह जोर धरतो आणि कमी दाबाची वादळं खोल होऊ लागतात. पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यांचा रस्ता अजून बराच उत्तरेला असतो. तिकडे वारा समुद्र घुसळतो, इकडे तुमच्या डोक्यावर जास्त दाबाची शांत हवा. वादळही डोंगरांसारखंच, दुरूनच साजरं. हिवाळ्यात तीच वादळं अंगावर येतात, लाटा मोठ्या पण वाऱ्याने चिंध्या झालेल्या. शरदाचं सगळं कौतुक या मधल्या काळाचं आहे.

दूर म्हणजे किती दूर? वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत प्रशांत महासागरात मोजणीची ठाणी मांडून दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटांचा माग काढला. दहा हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापून त्या लाटा उत्तरेला ओळखू येतील अशा पोहोचत होत्या. हाच मंक दुसऱ्या महायुद्धात हॅराल्ड स्वेर्ड्रुपबरोबर लाटांचा अंदाज बांधण्याची पद्धत घडवत होता. १९४४ च्या नॉर्मंडीच्या चढाईसाठी ती वापरली गेली. आज तुमच्या ॲपमध्ये जे आकडे दिसतात त्यांचं मूळ तिथे आहे.

तर या प्रवासाचं गणित तुम्हाला रोज उपयोगी पडेल. खोल समुद्रात लाटांचा जथा दर सेकंदाला पीरियडच्या ०.७८ पट मीटर पुढे सरकतो. १४ सेकंदांचा जथा ताशी सुमारे ३९ किलोमीटर, १० सेकंदांचा २८, १८ सेकंदांचा ५०. वादळ दोन हजार किलोमीटरवर असेल तर १८ सेकंदांच्या लाटा ४० तासांत पोहोचतात, १४ च्या ५१ तासांत आणि १० च्या ७१ तासांत. लांब पीरियडवाल्या आधी येतात, आखूड मागून. म्हणून नवा स्वेल, म्हणजे दूरच्या वादळातून निघालेल्या लाटांचा जथा, येताना उंचीपेक्षा सेकंद आधी उडी मारतात. समुद्रातल्या बोयाचे, म्हणजे लाटा मोजणाऱ्या तरंगत्या यंत्राचे, आकडे बघायची सवय लावा. कधी तरी रात्री पीरियड ७ वरून एकदम १८ झालेला दिसेल आणि उंची जेमतेम २० सेंटीमीटर. नवशिक्या म्हणतो, काही नाही. जाणता माणूस लीश तपासतो.

तुमच्या शनिवार-रविवार-सोमवारच्या आकड्यांत हीच गोष्ट आहे, पाहा: १६, १२, १०. एकच वादळ, एकच स्वेल, आणि तो म्हातारा होत चाललाय.

लांब पीरियडच्या लाटा तळाच्या किती आज्ञेत असतात याचं टोकाचं उदाहरण पोर्तुगालमधलं नाझारे. तिथे किनाऱ्यापाशीच समुद्राखालची एक घळ येऊन संपते, पुढे ती हजारो मीटर खोल जाते. लांब लाटेचा एक भाग घळीवरून वेगाने येतो, दुसरा उथळावर रेंगाळतो, आणि दोन्ही एकमेकांवर चढतात. तिथली सर्फर गॅरेट मॅकनामाराची विक्रमी लाट १ नोव्हेंबर २०११ ची, रॉड्रिगो कोशाची ८ नोव्हेंबर २०१७ ची, आणि सेबास्टियन स्टॉइडनरची २६.२१ मीटरची २९ ऑक्टोबर २०२० ची. तिन्ही तारखा शरदातल्या दोन आठवड्यांत पडतात. तुमच्या किनाऱ्यासमोर घळ नसेल, पण वाळूचे बांध, खडक, बाजूची टेकडी असेलच, आणि १४ सेकंदांची लाट त्या सगळ्यांचं ऐकते. ती वळतेही जास्त. उन्हाळ्यात आडोशाची जी खाडी कायम सपाट असायची, तिथे शरदात टेकडीला वळसा घालून नीट लाटा येऊ लागतात. उघड्या किनाऱ्यावर दोन मीटर असताना त्या आडोशाला कमरेएवढी, एका बाजूने सावकाश फुटत जाणारी लाट मिळते. तुमच्यासारख्याने शरदात अशी जागा शोधावी. उघडा, सरळ वाळूचा किनारा लांब पीरियडला वाईट. लाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदमच कोसळते, आणि तिच्यावर पळायला बाजूच उरत नाही. सरळ किनाऱ्याला मला स्वतःला ९ ते ११ सेकंद आवडतात. त्याहून जास्त असले की मी तिथे जातच नाही, कितीही फोटो छान आले तरी.

चक्रीवादळांबद्दल दोन शब्द. अटलांटिकचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, ऐन जोर १० सप्टेंबरच्या आसपास. या वादळांचा घेर लहान असतो, त्यामुळे स्वेलही अरुंद पट्ट्यात येतो. वादळाने वाट जराशी बदलली की तुमचा किनारा सुटतो, किंवा अपेक्षेच्या दुप्पट येतं. पाच दिवसांपुढचा अंदाज मी एरवीही गंभीरपणे घेत नाही. अंदाजात चक्रीवादळ असेल तर तीन दिवसांपुढचाही नाही. अंदाज बांधणारं संगणकी मॉडेल दर काही तासांनी नव्याने चालतं. आठवडाभर आधी पाहून रजा टाकणारे लोक मग समुद्राला दोष देतात.

वाऱ्याकडे वळते, कारण स्वेल कितीही चांगला असो, वारा बिघडला की सगळं मुसळ केरात. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा लाटेचं तोंड विंचरून ठेवतो आणि ती फुटण्याआधी क्षणभर धरून ठेवतो. समुद्राकडून येणारा वारा तिला मागून ढकलतो, ती अवेळी कोसळते. उन्हाळ्यात दुपार चढली की जमीन तापते, खारे वारे सुटतात आणि अकरानंतर पाण्यात जाण्यात अर्थ राहत नाही. शरदात उलटं होतं. रात्री मोठ्या आणि गार, पाणी मात्र अजून उबदार, म्हणून जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे पहाटे जास्त वेळ टिकतात. आणि ऊन कोवळं झाल्याने खारे वारे उशिरा येतात, कधी येतच नाहीत. सकाळचे दोन तास सहज चार होतात. शरदातल्या निम्म्या चांगल्या दिवसांचं गुपित एवढंच आहे.

पण जमिनीकडचा वारा म्हणजे नेहमी मित्र असं समजू नका. तो ताशी चाळीस किलोमीटरच्या वर गेला की लाटेच्या माथ्यावरून उडणारे तुषार डोळ्यांत जातात, बोर्ड लाटेत उतरतच नाही, आणि पॅडल थांबवलंत की तुम्ही गुपचूप खोल समुद्राकडे सरकत असता. किनारा छान दिसतो, पाणी गुळगुळीत असतं, म्हणून कळत नाही. किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरून ठेवा, एकापाठी एक असलेल्या: खांब आणि त्याच्या मागचं छप्पर, असं काही. दर पाच मिनिटांनी त्या जुळतात का बघा.

शीत आघाडी, म्हणजे पुढे सरकणाऱ्या गार हवेची कड, येते तेव्हाचा क्रमही ओळखीचा करून घ्या. पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर आघाडीच्या आधी वारा दक्षिण-नैऋत्येचा, पाऊस. ती पार झाली की वारा झटकन पश्चिम-वायव्येला वळतो, आकाश स्वच्छ, समुद्र मात्र खवळलेला. लोक ऊन बघून धावतात आणि निराश होतात. मागून जास्त दाब सरकेपर्यंत थांबायचं. वारा पडतो, लाटा अजून शिल्लक असतात. हा अर्धा-एक दिवस माझ्या मते अख्ख्या मोसमात सर्वांत मोलाचा. आणि वारा पाठीवर घेऊन उभं राहिलं की कमी दाबाचं केंद्र आपल्या डाव्या हाताला, हा बायस-बॅलटचा नियम विषुववृत्ताजवळचा पट्टा सोडला तर उत्तर गोलार्धात चालतो. मोबाइल मेला तरी चालतो.

भरती-ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, अष्टमीच्या भांगाला कमी. सप्टेंबरच्या २२-२३ तारखेच्या विषुवदिनाच्या आसपासची उधाणं बहुतेक किनाऱ्यांवर वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी असतात, कारण तेव्हा सूर्य आणि चंद्र दोघंही विषुववृत्ताच्या जवळ राहून ओढतात. सहा तासांच्या भरतीत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासाला एक-बारांश, मग दोन, तीन, तीन, दोन, एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी चढून जातं. उन्हाळ्यात तुम्ही "अर्ध्या भरतीला लाट चांगली" असं शिकला असाल. ते खरंच आहे, पण मोठ्या उधाणाला ती अर्धी भरती दोन तासांऐवजी पाऊण तासात उरकते. बोर्डाला वॅक्स लावता लावता संपते. त्याच किनाऱ्यावर भांगाचा दिवस धरलात तर तीच पातळी निवांत मिळते. शिकणाऱ्याने शरदात भांगाच्या दिवसांवर खूण करून ठेवावी, हे मी सगळ्यांना सांगते आणि कुणी ऐकत नाही, कारण उधाण म्हटलं की उत्साह येतो. कड्याखालच्या किनाऱ्यावर परतीची वाट उधाणात बुडते, तेही ध्यानात असू द्या.

एक गोष्ट मात्र अनेक जाणकारही विसरतात: उन्हाळ्यात ओळखीचा झालेला किनारा शरदात तसा राहत नाही. उन्हाळ्यातल्या मऊ लाटा वाळू किनाऱ्याकडे आणून टाकतात. पहिले दोन-तीन मोठे स्वेल ती वाळू ओढून आत नेतात आणि तिथे नवे बांध घालतात. लाट फुटायची जागा हलते आणि तिच्याबरोबर रिप करंटही, म्हणजे किनाऱ्यावरून समुद्राकडे धावणारी पाण्याची ओढही, हलतो. ऑगस्टमध्ये जिथे निर्धास्त कमरेएवढ्या पाण्यात उभे राहायचात, तिथे आता पाणी समुद्राकडे पळत असेल. वरून बघा: दोन्ही बाजूंना फेस आणि मध्ये काळपट, गुळगुळीत, न फुटणारी पट्टी, तिच्यात फेसाचे तुकडे समुद्राकडे चाललेले. नवशिक्याला तीच आत शिरायची सोपी जागा वाटते. त्या ओढीत सापडलात तर बोर्ड सोडायचा नाही, तो तुमची होडी आहे. तिच्या विरुद्ध झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर जाऊन फुटणाऱ्या लाटांच्या बाजूने परतायचं. जोरातली ओढ सेकंदाला दोन मीटरच्या वर जाते, तिथे उत्तम पोहणाराही जिंकत नाही. आणि अनेक किनाऱ्यांवर जीवरक्षक उन्हाळ्यापुरतेच असतात. मनोरा जागेवर असतो, वर कुणी नसतं. त्यामुळे एकट्याने उतरू नका.

थंडीबद्दल फार नाही सांगत. पाणी उशिरा तापतं आणि उशिरा निवतं, म्हणून सप्टेंबरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जूनपेक्षा उबदार. फसवतो तो वारा, बोर्डावर बसून लाटेची वाट बघताना. पाणी १५-१७ अंश असेपर्यंत ३/२ मिलिमीटरचा (धडाला ३, हातापायांना २ जाडीचा) वेटसूट पुरतो, त्याखाली ४/३. बोटं जुळवता आली नाहीत की बाहेर यायचं. उन्हाळाभर कोरडं गेल्यावरचा पहिला मोठा पाऊस गटारं-नाल्यांतली सगळी घाण समुद्रात आणतो. पावसानंतर ७२ तास पाण्यात न जाण्याचा सल्ला कॅलिफोर्नियात सरकारी आरोग्य खातीच देतात, आणि नदीच्या मुखाशी मी तो काटेकोर पाळते. कानाच्या दुखण्याने एक महिना घालवल्यावर शहाणपण आलं. उजेडाचंही भान हवं: ४५ अक्षांशावर विषुवदिनाच्या सुमारास दिवस रोज तीन मिनिटांनी लहान होतो, तीन आठवड्यांत तासभर गेला.

ॲपच्या आकड्यांत एक शेवटची मेख. उंचीचा आकडा कधी कधी दोन वेगवेगळ्या स्वेलची बेरीज असते, आणि ही बेरीज साधी नसते. १ मीटरचा एक आणि ०.८ मीटरचा दुसरा मिळून १.८ होत नाहीत; वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं, ते १.३ भरतं. उलट बाजूने, १.३ मीटर दिसलं म्हणून तो एकसंध स्वेल असेलच असं नाही. घटक वेगळे दाखवणारं पान उघडा, कोणता स्वेल कुठून येतोय ते बघा. तुमचा किनारा ज्या दिशेला तोंड करून आहे त्या दिशेचाच स्वेल मोजायचा. पाठीमागून जाणारा चार मीटरचा असला तरी तुम्हाला शून्य.

आणि एक वही करा. तारीख, ॲपवरची उंची, सेकंद, दिशा, वारा, भरतीची वेळ, आणि शेजारी डोळ्यांनी पाहिलेली लाट: गुडघा, कंबर, छाती, डोकं. सेकंद स्वतः मोजा. एका सेटमधला पहिला माथा आणि सहावा माथा यांतला वेळ घेऊन पाचाने भागा. माझी जुनी वही उघडली तर एका खाडीसमोर लिहिलंय: "वायव्य, १३ सेकंदांखाली काही नाही. १४ ला कंबर. १६ ला खांदा." ॲपला ही माहिती नाही, कारण ॲपने ती टेकडी पाहिलेली नाही.

आता तुमचे तीन दिवस. शनिवारी १.८ मीटर, १६ सेकंद: बोर्ड घरी ठेवा, घड्याळ आणि वही घेऊन उंचावर बसा. उघड्या किनाऱ्यावर लाटा तीन मीटरच्या आसपास फुटतील, सेटमधल्या त्याहून मोठ्या. कोण कुठून आत शिरतंय, किती वेळ थांबतंय, ओढ कुठे आहे, हे तासभर बघण्यात तुमचा शनिवार वाया जाणार नाही. रविवारी १.३ मीटर, १२ सेकंद: ऑगस्टमधल्या तुमच्या १.२ पेक्षा मोठंच, परवाच्याच तोडीचं. उघड्यावर नको. आडोशाची खाडी पहाटे बघा. तिथे कमरेएवढी असेल, वारा जमिनीकडचा आणि हलका असेल आणि बरोबर कुणी जाणतं असेल, तर अर्ध्या भरतीला उतरा आणि कडेच्या लहान लाटाच धरा. मधल्या मुख्य जागेत त्या दिवशी मोसमाची वाट बघणारे सगळे जुने लोक असतील. लाट जिथे आधी फुटते त्या जागेच्या सर्वांत जवळ जो त्याची लाट, हे लक्षात ठेवून बाजूला राहा. सोमवारी ०.९ मीटर, १० सेकंद. हा तुमचा दिवस. काम असेल तर सकाळी दोन तास उशिरा येतो म्हणून सांगा.

उतरण्याआधी वीस मिनिटं बघायचं मात्र सोमवारीही. आणि लीश घोट्याजवळ वाकवून, उजेडात धरून पाहा.